उभ्या पिकाखालची ओल रडारने कशी वाचावी: नवख्यांसाठी मार्गदर्शन

खरिपाच्या ऐन भरात पाऊस दहा-पंधरा दिवस ओढ देतो आणि आभाळ मात्र भरलेलेच राहते, ही स्थिती मराठवाड्याला आणि विदर्भाला नवी नाही. अशा दिवसांत शेतकरी बांधावरून आत शिरतो, दोन ओळींमधली माती मुठीत दाबतो आणि तिचा लाडू वळतो की भुगा होतो यावरून जमिनीत किती ओल उरली आहे याचा अंदाज बांधतो. एका शेतापुरती ही परीक्षा उत्तमच आहे. परंतु साऱ्या शिवाराची ओल अशी मुठीत मावत नाही, आणि नेहमीच्या प्रकाशचित्र घेणाऱ्या उपग्रहांना ढगांखालचे काही दिसत नाही. रडार उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो, त्यामुळे त्याला ढगांचीही अडचण नाही आणि रात्रीचीही नाही.

ज्यांनी आजवर रडारचे एकही चित्र उघडलेले नाही, परंतु ज्यांना शेतीची बऱ्यापैकी ओळख आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लागणारी सामग्री थोडी आहे: इंटरनेट असलेला संगणक, एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा, माती वाळवण्याची भट्टी आणि एक हंगामभर टिकणारी चिकाटी. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. रडार ओल मोजत नाही. ते फक्त परत आलेल्या लहरींची ताकद मोजते, आणि त्या ताकदीत मातीतले पाणी, ढेकळे, सऱ्या, पाने, खोडे, दव असे सगळे एकत्र मिसळलेले असते. आपले काम म्हणजे त्या मिश्रणातून पाण्याव्यतिरिक्तचे सारे एकेक करून बाजूला काढणे.

आधी थोडे मूळ तत्त्व

विद्युतक्षेत्रात एखादा पदार्थ किती प्रतिसाद देतो हे त्याच्या विद्युत-अपार्यता स्थिरांकावरून कळते. कोरड्या मातीचा हा स्थिरांक 3 ते 4 इतका असतो आणि पाण्याचा सुमारे 80. माती भिजली की तिचा स्थिरांक 20 ते 30 पर्यंत चढतो, आणि तो जितका मोठा तितका लहरींचा अधिक भाग जमिनीवरून परततो. ओली जमीन रडारच्या चित्रात उजळ आणि कोरडी जमीन काळसर दिसते ती यामुळे.

दुसरी गोष्ट लहरींच्या लांबीची. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-1 उपग्रहांचे रडार सी-पट्ट्यात (लांबीप्रमाणे पाडलेल्या लहरींच्या गटांपैकी एकात) चालते आणि त्याची लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांब असते. लहर जितकी आखूड तितकी ती पानांमध्येच अडकते; जितकी लांब तितकी ती पीक ओलांडून मातीपर्यंत पोहोचते. मातीत शिरल्यावरही ती फार खोल जात नाही. सी-पट्ट्याची लहर ओल्या जमिनीत एक-दोन सेंटिमीटरांतच विरते आणि कोरड्या जमिनीत थोडी अधिक खाली उतरते. म्हणून उपग्रह ‘ओल’ म्हणतो तेव्हा ती वरच्या पाच सेंटिमीटरांच्या आतली ओल असते, हे कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवावे.

तिसरी गोष्ट ध्रुवणाची, म्हणजे लहर कोणत्या दिशेत कंप पावते याची. सेंटिनेल-1 उभ्या ध्रुवणाची लहर सोडतो आणि परत येताना उभी व आडवी अशा दोन्ही ध्रुवणांत मोजतो. पहिल्या मोजणीला व्हीव्ही म्हणतात, दुसरीला व्हीएच. व्हीव्हीमध्ये जमिनीचा वाटा मोठा असतो. व्हीएच मुख्यतः पाने आणि फांद्या यांच्या गर्दीत लहर इकडेतिकडे आपटून वळल्यामुळे तयार होते. जमिनीसाठी व्हीव्ही आणि पिकाच्या वाढीसाठी व्हीएच, एवढी विभागणी सुरुवातीला पुरेशी आहे.

पहिली पायरी: शेत निवडणे

नवख्या माणसाची निम्मी चूक इथेच होते. आपल्याकडची शेते लहान आहेत आणि रडारचे चित्र दाणेदार असते; ते ज्या बारीक चौकटींचे बनते त्यांतल्या एकाच मापाच्या ओलीच्या शेजारच्या दोन चौकटीसुद्धा वेगवेगळ्या उजळ दिसतात. हा दाणेदारपणा उपकरणाचा दोष नसून लहरी एकमेकींत मिसळण्याचा परिणाम आहे, आणि बऱ्याच चौकटींची सरासरी काढली तरच तो कमी होतो. सेंटिनेल-1 चे तयार चित्र 10 मीटरच्या चौकटींत मिळते, पण त्याची खरी पृथक्करणक्षमता, म्हणजे दोन जागा वेगळ्या ओळखता येण्याची मर्यादा, 20 मीटरच्या आसपास आहे.

आता हिशेब करून पाहा. चौरस आकाराच्या एका एकराची बाजू साधारण 64 मीटर भरते. बांधावरची बाभळ, विहीर, पत्र्याची शेड आणि शेजाऱ्याचे पीक टाळण्यासाठी चारही बाजूंनी 10 मीटर सोडले, तर आत 44 मीटर बाजूचा तुकडा, म्हणजे जेमतेम 19 चौकटी उरतात. एकराचा निम्म्याहून अधिक भाग कडेलाच गेला. पाच एकरांच्या चौरस शेतात मात्र अशाच रीतीने सुमारे दीडशे चौकटी हाती लागतात. म्हणून पहिल्या हंगामासाठी एकाच पिकाचे, एकाच दिवशी पेरलेले, सपाट आणि शक्यतो पाच एकरांहून मोठे शेत घ्यावे. तसे मिळाले नाही, तर लागून असलेल्या आणि सारखे पीक असलेल्या दोन-तीन शेतांचा मिळून एक तुकडा करावा.

शेताची हद्द काढताना गटाच्या नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. महाभूनकाशावरचे गट उपग्रहचित्रावर बसवताना काही मीटर इकडेतिकडे सरकलेले आढळतात. मोबाइलवर स्थान नोंदवणारे एखादे ॲप सुरू करून बांधाने एक फेरी मारावी, तो आराखडा उपग्रहाच्या प्रकाशचित्रावर टाकून पाहावा आणि मग त्याला आतून कातरावे. शेतातून उच्चदाबाची वीजवाहिनी जात असेल किंवा मध्येच लोखंडी सांगाड्याचे शेडनेट असेल, तर ते शेत सरळ सोडून द्यावे. धातूचा प्रतिध्वनी इतका तीव्र असतो की त्याच्यापुढे ओलीचा बदल दिसतच नाही.

दुसरी पायरी: चित्रे मिळवणे

सेंटिनेल-1ए एप्रिल 2014 मध्ये अवकाशात गेला आणि 1बी एप्रिल 2016 मध्ये. 1बी डिसेंबर 2021 मध्ये बंद पडला, त्यामुळे पुढची तीन वर्षे एकाच उपग्रहावर काम चालले आणि जगाच्या अनेक भागांत फेऱ्या विरळ झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये 1सी आणि नोव्हेंबर 2025 मध्ये 1डी गेल्यावर ती जागा भरून निघाली. एक उपग्रह त्याच मार्गावरून 12 दिवसांनी परत येतो. जुन्या वर्षांची मालिका काढताना मध्येच तारखा गळालेल्या दिसल्या, तर आपल्या संगणकाला दोष देऊ नये.

ही सारी चित्रे मोफत आहेत. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कोपर्निकस डेटा स्पेस या युरोपीय संकेतस्थळाचा ब्राउझर. तिथे नोंदणी करून आपले गाव शोधले की काहीही उतरवून न घेता चित्र पडद्यावर दिसते. पहिले दोन-तीन दिवस फक्त हेच करावे: एप्रिलमधले आणि जूनअखेरचे चित्र शेजारीशेजारी ठेवून तलाव, गाव, डोंगर आणि शेत कसे दिसतात याची नजर तयार करावी. संथ पाणी काळे दिसते, कारण आरशावरून उसळावी तशी लहर पुढे निघून जाते. गाव लख्ख पांढरे दिसते, कारण भिंत आणि जमीन मिळून लहर सरळ परत पाठवतात.

त्यानंतर गूगल अर्थ इंजिन या उपग्रहचित्रांवर ऑनलाइन काम करण्याच्या सेवेकडे वळावे, जे शिक्षण आणि संशोधन यांसाठी मोफत आहे. तिथला सेंटिनेल-1 चा संग्रह आधीच अंशांकित (मोजमाप प्रमाणित) केलेला आणि भूरचनेप्रमाणे दुरुस्त केलेला असल्यामुळे नवख्याचे बरेच कष्ट वाचतात. ज्यांना प्रत्येक टप्पा स्वतः करून पाहायचा आहे त्यांनी युरोपीय संस्थेचे स्नॅप हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे आणि कक्षेची अचूक माहिती जोडणे, उष्माजन्य गोंगाट काढणे, अंशांकन, दाणे कमी करणारी गाळणी आणि भूरचना दुरुस्ती हा क्रम पाळावा. भारताचा स्वतःचा सी-पट्ट्याचा रडार उपग्रह, फेब्रुवारी 2022 मध्ये सोडलेला ईओएस-04, याची माहिती हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी या संकेतस्थळावर मिळते.

मार्ग कोणताही निवडला तरी एक नियम मोडू नये: एका मालिकेत एकाच कक्षामार्गाची चित्रे घ्यावीत. सेंटिनेल-1 तिरका पाहतो आणि एका फेरीत दिसणाऱ्या जमिनीच्या पट्टीच्या रुंदीत हा तिरपेपणा सुमारे 29 अंशांपासून 46 अंशांपर्यंत बदलतो. तीच जमीन, तीच ओल, पण कोन बदलला की प्रतिध्वनी बदलतो. मी स्वतः सुरुवातीला सकाळची आणि संध्याकाळची फेरी एकाच आलेखात घातली होती, आणि दर काही दिवसांनी जमीन भिजते-सुकते असे सुंदर करवती चित्र मिळाल्याने आनंदलो होतो. ती करवत ओलीची नव्हती, दोन कोनांची होती. प्रत्येक चित्रासोबत सापेक्ष कक्षाक्रमांक दिलेला असतो. आपल्या शेतावरून जाणारा एक क्रमांक निवडून बाकीचे गाळून टाकावेत.

तिसरी पायरी: आकडा काढणे

प्रतिध्वनीची ताकद डेसिबलमध्ये सांगतात आणि ती बहुधा ऋण असते. 3 डेसिबलची वाढ म्हणजे ताकद दुप्पट, 10 डेसिबलची वाढ म्हणजे दहापट. इथे गणिताची एक खोच आहे. शेताची सरासरी डेसिबलमध्ये काढायची नसते. समजा एक चौकट उणे 8 ची आणि दुसरी उणे 14 ची आहे, डेसिबलची सरासरी उणे 11 येते, परंतु दोन्ही आकडे मूळ ताकदीत बदलून (0.158 आणि 0.040) सरासरी काढली तर 0.099, म्हणजे उणे 10 डेसिबल येतात. हा एका डेसिबलचा फरक क्षुल्लक नाही. उघड्या जमिनीवर ओल आकारमानाने एक टक्क्याने वाढली तर व्हीव्ही साधारण पाव डेसिबलने वाढते. म्हणजे सरासरीच्या या एका चुकीमुळे ओलीत चार टक्क्यांची गफलत होते.

प्रत्येक तारखेसाठी शेताचे व्हीव्ही, व्हीएच आणि त्या दोहोंतला फरक अशा तीन संख्या काढून तक्त्यात ठेवाव्यात. शेजारच्या रकान्यांत त्या दिवसाचा आणि आदल्या तीन दिवसांचा पाऊस लिहावा, जो महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावरून मिळतो, आणि त्यापुढे शेतात काय घडले ते: नांगरणी, वखरणी, पेरणी, कोळपणी, पाण्याची पाळी, काढणी. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. तो उपग्रह भरून देत नाही, शेतमालकाशी बोलूनच भरावा लागतो, आणि हंगाम संपल्यावर आठवून लिहिलेल्या तारखा हमखास चुकतात.

चौथी पायरी: एका शेताचा आलेख वाचणे

काळ्या जमिनीतल्या सोयाबीनचे एक शेत नजरेसमोर आणू. आकडे समजण्यापुरते आहेत. 20 मे रोजी व्हीव्ही उणे 13.5 आहे, जमीन तापून भेगाळलेली आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला चांगला पाऊस होतो आणि लगेचच्या फेरीत आकडा उणे 8 वर चढतो. पुढच्या फेरीपर्यंत वाफसा येऊन पेरणी उरकलेली असते आणि आकडा उणे 10.5 वर उतरतो.

ही उतरण संपूर्णपणे ओल कमी झाल्याची आहे का? नाही, आणि इथेच नोंदवहीचा उपयोग होतो. वखरणीने ढेकळे वर आली की जमीन खडबडीत होते आणि ओल तेवढीच असली तरी प्रतिध्वनी वाढतो. पेरणीनंतर फळी फिरवली की जमीन सपाट होऊन तो घटतो. मशागतीमुळे होणारा बदल दोन-तीन डेसिबलचा असू शकतो, म्हणजे एका चांगल्या पावसाच्या बरोबरीचा. म्हणून मशागतीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एकमेकांशी ताडून पाहू नये. नांगर किंवा वखर फिरला की नवा हिशेब सुरू झाला असे समजावे.

जुलैत व्हीएच हळूहळू वर सरकू लागते, उणे 20 वरून उणे 17 आणि मग उणे 15. पीक वाढत असल्याची ती खूण आहे. सोयाबीनच्या 45 सेंटिमीटरच्या ओळी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत एकमेकींना भिडतात. तोवर पावसानंतर व्हीव्हीची उडी स्पष्ट दिसत असते. ओळी भिडल्यावर तेवढ्याच पावसाची उडी निम्मी, पुढे पाव होते. पेरणीपासून सहाएक आठवडे सी-पट्ट्याचे रडार सोयाबीनखालची जमीन बऱ्यापैकी पाहते, त्यानंतर ते मुख्यतः सोयाबीनच पाहते. पाने गळून पीक पिवळे पडले की सप्टेंबरअखेर जमीन पुन्हा दिसू लागते. कपाशीत ओळींचे अंतर मोठे असल्याने ही खिडकी जास्त काळ उघडी राहते. उसात लागवडीनंतरचे पहिले काही महिने सोडले तर सी-पट्ट्याने जमीन पाहण्याचा आग्रह धरू नये. भातखाचरात, विशेषतः कोकणात, उभ्या पाण्यावरून आणि रोपाच्या खोडावरून लहर दोनदा आपटून परतते. तिथले गणितच निराळे असल्यामुळे हा लेख त्यात शिरत नाही.

पाचवी पायरी: मातीचे नमुने

जमिनीवरची तपासणी टाळून रडारचे काम शिकता येत नाही. आपल्या शेतावरून उपग्रह कधी जातो हे आधी पाहून ठेवावे. सेंटिनेल-1 च्या फेऱ्या स्थानिक वेळेनुसार सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास होतात. नमुने त्या वेळेच्या दोन तास मागेपुढे घ्यावेत. सकाळच्या फेरीत पिकावर दव आहे का हेही लिहावे. दवाने भिजलेली पाने प्रतिध्वनी बदलतात आणि रब्बीत, हरभऱ्याच्या शेतात, हा परिणाम चांगलाच जाणवतो.

शेतात तिरके चालत आठ-दहा ठिकाणी, ओळींमधून, वरचा पालापाचोळा हलकेच सारून लोखंडी कडे मातीत ठोकावे. 5 सेंटिमीटर व्यासाचे आणि 5 सेंटिमीटर उंचीचे कडे असेल तर त्यात सुमारे 98 घन सेंटिमीटर माती मावते. दोन्ही तोंडांची माती सुरीने साफ कापून ती ताबडतोब झाकणाच्या डबीत भरावी आणि डबीवर क्रमांक टाकावा. पिशवीत सैल ठेवलेली माती घरी पोहोचेपर्यंत वजनाने हलकी झालेली असते. डबीचे वजन वजा करून ओल्या मातीचे वजन घ्यावे, 105 अंश सेल्सियसवर 24 तास वाळवावी आणि पुन्हा वजन करावे.

समजा ओली माती 152 ग्रॅम भरली आणि वाळल्यावर 122 ग्रॅम. पाणी 30 ग्रॅम निघाले. वजनाच्या हिशेबाने ओल 30 भागिले 122, म्हणजे सुमारे साडेचोवीस टक्के. आकारमानाच्या हिशेबाने 30 भागिले 98, म्हणजे साडेतीस टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण रडारशी नाते आकारमानाच्या आकड्याचे आहे. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत बहुधा वजनाची टक्केवारी दिलेली असते, आणि या दोन टक्केवाऱ्यांची सरमिसळ ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

काळ्या जमिनीत आणखी दोन अडचणी येतात. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे एकदा काढलेली घनता वर्षभर वापरता येत नाही. प्रत्येक वेळी कड्यानेच नमुना घ्यावा. शिवाय तिच्यातले बरेचसे पाणी चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेले असते. ते ना पिकाला मिळते, ना रडारला मोकळ्या पाण्यासारखे दिसते. आकारमानाने 25 टक्के ओल हलक्या मुरमाड जमिनीत पिकाचे पोट भरणारी असते, आणि भारी काळ्या जमिनीत तेवढ्याच ओलीवर पीक कोमेजण्याच्या उंबरठ्यावर असते. म्हणून जमिनीचा प्रकार न सांगता नुसता ओलीचा आकडा कुणाला देऊ नये.

सहावी पायरी: पिकाचा पडदा बाजूला करणे

इथे दोन पद्धती आहेत. नवख्याने पहिल्या पद्धतीपासून सुरुवात करावी.

पहिली पद्धत तुलनेची आहे. शेताची सर्वांत कोरडी आणि सर्वांत ओली स्थिती अनेक वर्षांच्या मालिकेतून ठरवायची आणि आजचा आकडा त्या दोन टोकांमध्ये कुठे बसतो ते पाहायचे. कोरडे टोक उणे 15, ओले टोक उणे 8.5 आणि आजचा आकडा उणे 11 असेल, तर एकूण साडेसहा डेसिबलच्या पट्ट्यात आपण चार डेसिबल वर आहोत, म्हणजे ओल कोरड्या टोकापासून ओल्या टोकाकडे सुमारे 62 टक्के अंतरावर आहे. ही टक्केवारी सापेक्ष आहे, मातीतल्या पाण्याचे माप नाही. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीवर जगभराच्या ओलीचे नकाशे तयार होतात, पण तिथली एक चौकट कित्येक किलोमीटरांची असते आणि तिच्यात एखाद्या शेताची मशागत विरून जाते. आपल्या पाच एकरांत ती विरत नाही. म्हणून दोन्ही टोके निवडताना नांगरलेल्या ढेकळांच्या तारखा वगळाव्यात, आणि पीक वाढलेल्या काळासाठी टोके वेगळी काढावीत.

दुसरी पद्धत अटेमा आणि उलाबी यांनी 1978 मध्ये मांडलेल्या जलमेघ प्रतिमानाची (गणिती मॉडेलची). पिकाला त्यांनी जमिनीवर तरंगणाऱ्या पाण्याच्या थेंबांचा ढग मानले. उपग्रहाला मिळणारा प्रतिध्वनी म्हणजे या ढगाचा स्वतःचा प्रतिध्वनी अधिक जमिनीचा प्रतिध्वनी, आणि जमिनीचा प्रतिध्वनी मात्र ढगातून जाताना एकदा व येताना एकदा असा दोनदा क्षीण झालेला. पीक विरळ असेल तर जमिनीचा नव्वद टक्के भाग पार होतो. दाट असेल तर कदाचित पावच. पाव भाग पार होणे म्हणजे सहा डेसिबलची घट. ढग किती दाट आहे हे सांगण्यासाठी सेंटिनेल-2 च्या प्रकाशचित्रांवरून काढलेला हिरवेपणाचा निर्देशांक वापरतात, परंतु जुलै-ऑगस्टात ढगांमुळे तो आठवडेच्या आठवडे मिळत नाही. तेव्हा व्हीएच आणि व्हीव्ही यांच्या गुणोत्तरावर काम भागवावे लागते. प्रतिमानातले दोन गुणांक पिकागणिक बदलतात आणि ते आपल्याच नमुन्यांवरून बसवावे लागतात. परदेशातल्या गव्हासाठी काढलेले गुणांक आपल्या सोयाबीनला जसेच्या तसे लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणे होय. रडारचा आकडा आणि मातीचा नमुना अशा किमान तीस-चाळीस जोड्या, म्हणजे एका हंगामात दोन-तीन शेतांवरचे नमुने, जमल्याशिवाय या पद्धतीला हात घालू नये. थोड्या जोड्यांवर बसवलेले गुणांक त्याच जोड्यांवर छान दिसतात आणि पुढच्या हंगामात तोंडघशी पाडतात, म्हणून एक शेत तपासणीसाठी कायम बाजूला ठेवावे.

चुकवणाऱ्या गोष्टी

सरी-वरंब्याची दिशा लक्षात घ्यावी. वरंबे रडारच्या नजरेला आडवे असले की त्यांच्या उतारांवरून लहर सरळ परतते आणि शेत वाजवीपेक्षा उजळ दिसते. वरंबे नजरेच्या दिशेने असले की तसे होत नाही. शेजारचे दोन शेतकरी एकाच दिवशी पाणी देतात, पण एकाच्या सऱ्या पूर्व-पश्चिम आणि दुसऱ्याच्या दक्षिण-उत्तर असतील, तर चित्रात एकाने पाणी दिल्यासारखे आणि दुसऱ्याने न दिल्यासारखे दिसू शकते. ठिबकाच्या शेतात फक्त नळीलगतचा पट्टा ओला असतो आणि दोन नळ्यांमधली जमीन कोरडी. सरासरीत पीक तहानलेले दिसते, जरी मुळांशी पाणी असले तरी. फेरीच्या क्षणी पाऊस पडत असेल तर पाने ओली असतात, म्हणून त्या तारखेसमोर खूण करावी.

लांब लहरीचे रडार

उभ्या पिकातून खाली पाहायचे तर लांब लहर हवी, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. नासाने जानेवारी 2015 मध्ये सोडलेल्या स्मॅप उपग्रहावर एल-पट्ट्याचे रडार याचसाठी बसवले होते, पण ते काही महिन्यांतच, जुलै 2015 मध्ये, बंद पडले. त्यावरचा किरणमापक, म्हणजे जमिनीतून आपोआप निघणाऱ्या लहरी मोजणारे उपकरण, मात्र चालू राहिला, ज्याची एक चौकट एक-दोन तालुके व्यापेल एवढी मोठी आहे. त्या मानाने निसार उपग्रह शेतीच्या बराच जवळ येतो. नासा आणि इस्रो यांचा हा संयुक्त उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ16 ने गेला. त्यावर 24 सेंटिमीटर लहरीचे एल-पट्ट्याचे रडार नासाचे आणि सुमारे 10 सेंटिमीटर लहरीचे एस-पट्ट्याचे रडार इस्रोचे आहे. दोघे मिळून 12 मीटर व्यासाचा एकच परावर्तक वापरतात आणि तीच जागा 12 दिवसांनी पुन्हा पाहतात. ओलीच्या तयार नकाशासाठी 200 मीटरची चौकट योजलेली आहे, म्हणजे चार हेक्टर. एका खातेदारासाठी ती मोठी असली तरी वाडीच्या किंवा पाणलोटाच्या पातळीवर उपयोगी आहे. ज्याने सेंटिनेल-1 वर वरच्या पायऱ्या केल्या आहेत त्याला निसारची चित्रे परकी वाटणार नाहीत. फक्त खडबडीतपणा लहरीच्या लांबीच्या तुलनेत मोजायचा असतो, त्यामुळे सी-पट्ट्याला खडबडीत वाटणारी जमीन एल-पट्ट्याला बरीच गुळगुळीत दिसते, एवढे ध्यानात ठेवावे.

पाच सेंटिमीटरांच्या खाली

मुळे पाच सेंटिमीटरांवर थांबत नाहीत. खालची ओल थेट पाहण्यासाठी हातगाडीवर ठेवून ओढायचे भूभेदी रडार असते. त्याचे गणित सोपे आहे: हवेत लहर एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) 30 सेंटिमीटर जाते, मातीत तिचा वेग विद्युत-अपार्यता स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागला जातो. स्थिरांक 9 असेल तर वेग 10 सेंटिमीटर. प्रतिध्वनी 8 नॅनोसेकंदांनी परतला, तर जाण्याचे 4 आणि येण्याचे 4, म्हणजे थर 40 सेंटिमीटरांवर आहे. स्थिरांक माहीत नसेल तर मोजलेल्या खोलीवर लोखंडी नळी पुरून उलट गणित करता येते. मात्र भारी काळ्या, चिकण किंवा खारवट जमिनीत हे यंत्र भाड्याने आणण्याआधी दोनदा विचार करावा. अशी माती विद्युतवाहक असल्यामुळे लहर काही वितींतच गिळून टाकते. नदीकाठच्या रेताड किंवा कोकणातल्या जांभ्या जमिनीत ते अधिक चालते.

उपग्रहाच्या आकड्यांवरून खालच्या ओलीचा अंदाज बांधण्याची एक रीत आहे: ताज्या फेरीला जास्त आणि जुन्या फेऱ्यांना उतरते वजन देऊन सरासरी काढायची, कारण वरचे पाणी हळूहळू खाली झिरपते. खरिपात ती बरी चालते. रब्बीत तिची खरी कसोटी लागते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरली जाते ती परतीच्या पावसाची जमिनीत साठलेली ओल धरून, आणि पुढे पाऊस नसतानाही ती ओल तिला तारून नेते. अशा रानाची पाठ कोरडी आणि पोट ओले असते. जानेवारीत आलेखावर व्हीव्ही मे महिन्याच्या पातळीला टेकलेले दिसेल, वजनदार सरासरीही कोरडेच उत्तर देईल. तेव्हा शेतात जाऊन गिरमिट फिरवावे, 15, 30 आणि 60 सेंटिमीटरांवरची माती वेगवेगळ्या डब्यांत घ्यावी आणि तक्त्यात त्या तारखेसमोर रडारच्या आकड्याशेजारी तिन्ही खोल्यांची ओल लिहावी.